ठराव मंजूर झाला, मग पुढं काय? : घर, भाडं, महापालिका आणि तुमचे प्रश्न

या वेळी पत्रं जास्त करून घराबद्दलचीच आली, भाडं, मिळकतकर, गुंठेवारी (शेतजमिनीचे बिनपरवाना पाडलेले गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट), पडायला आलेले वाडे, घरकुल. आणि फिरून फिरून प्रश्न तोच, की सोलापूर महापालिका आपल्या घराबद्दल काय ठरवतेय ते आपल्याला वेळेत कळायचं कसं. त्यातली काही निवडून घेतलीत. नावं मुद्दाम टाकली नाहीत, आपलं मासिक घरमालक पण वाचतात.

प्रश्न (शेळगी): आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन दिवसाला 'मंजूर'ची बातमी येते. गुंठेवारी मंजूर, करात सवलत मंजूर, सगळंच मंजूर. माझा दीड गुंठ्याचा प्लॉट आहे, २००८ ला नोटरीवर घेतलाय, त्यावर तीन खोल्या बांधल्यात. सभेत मंजूर झालं म्हणजे लागू झालं ना? आणि खरंच झालंय का हे बघायचं कुठं?

उत्तर: दादा, सभेत बाकं वाजली म्हणजे तुमच्या प्लॉटचं काम झालं असं नसतंय. आधी विषय विषयपत्रिकेवर येतो, सर्वसाधारण सभेची नोटीस साधारण सात दिवस आधी निघते, तिथं तो विषय कोणत्या नंबरला आहे ते बघायचं. मग सभेत तो मंजूर होईल, दुरुस्तीसह मंजूर होईल, तहकूब होईल नाहीतर दप्तरी दाखल होईल, म्हणजे बाजूला पडेल. मंजूर झाला तर त्याला ठराव क्रमांक पडतो, ठरावाची प्रत नगरसचिवांकडून (सभेचं कामकाज आणि नोंदी सांभाळणारे अधिकारी) संबंधित विभागाला जाते, आणि मग आयुक्त त्याची अंमलबजावणी करतात. यात पैसे लागणार असतील तर बजेटमध्ये त्याचं लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं खातं, पाहिजे, ते नसेल तर ठराव नुसता कागदावर राहतो, तो कुणी रद्द करत नाही आणि कुणी राबवतही नाही.

बातमीत कधीच येत नाही अशी एक गोष्ट ठरावाच्या शेवटच्या ओळीत असते. तिथं 'शासन मान्यतेच्या अधीन राहून' असं लिहिलेलं असेल तर फाइल मुंबईला नगरविकास खात्यात जाणार, आणि तिथून शासन निर्णय किंवा पत्र येईपर्यंत तुमच्या हातात काहीच नाही. उलट पण होतं. सभेनं एकमतानं केलेला ठरावसुद्धा महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार निलंबित करू शकतं, नंतर रद्दही करू शकतं, त्याला ठराव विखंडित करणं म्हणतात. म्हणून ग्रुपवर कुणी 'मंजूर' टाकलं की भांडू नका, ठराव क्रमांक आणि तारीख मागा. ती नसेल तर ती बातमी नाही, बॅनर आहे.

बघायचं कुठं म्हणाल तर इंद्रभुवनला, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीत, नगरसचिव कार्यालयात. आणि हे लै लोकांना माहीतच नाही, राज्य सरकारचा २०१८ चा शासन निर्णय आहे की दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख बघायला मिळाला पाहिजे, जिल्हा पातळीवरची ऑफिसं आणि महापालिका दोन्हीकडं, आणि सोमवारी सुट्टी आली तर त्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी. त्याला फी नाही, आधी अर्ज करून महिनाभर थांबायची गरज नाही. प्रत पाहिजे असेल तर मग माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही, उत्तराला ३० दिवस. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द असा नियम आहे, त्यामुळं गुंठेवारी, गटार आणि दिवाबत्ती एकाच अर्जात घुसडू नका, अर्ज तिथंच अडकतो.

अजून एक. २०२२ च्या मार्चपासून ते जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत आपल्याकडं सभाच नव्हती, प्रशासक होते. त्या काळात सभेचे आणि स्थायी समितीचे दोन्ही अधिकार प्रशासकांकडं. तेव्हाचा निर्णय शोधायला गेलात आणि 'सर्वसाधारण सभेचा ठराव द्या' असं लिहिलंत तर 'अशी सभा झालेली नाही' असं उत्तर येणार, आणि ते उत्तर बरोबरच असणार. प्रशासक ठराव असं लिहा.

आता तुमचा प्लॉट. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, त्यात आधी १ जानेवारी २००१ ची मर्यादा होती, २०२१ च्या दुरुस्तीनं ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. म्हणजे तारखेच्या हिशोबात तुम्ही बसता, फक्त घर त्या आधीचं आहे हे दाखवायला लाइट बिल, कराची पावती असलं काहीतरी काढून ठेवा. जागेवर विकास आराखड्यातलं आरक्षण आहे का ते आधी बघा, कारण आरक्षित जागा, सरकारी जागा असलं काही असेल तर कितीही ठराव झाले तरी उपयोग नाही. आणि नोटरी म्हणजे मालकी नाही, हे हद्दवाढ भागात (१९९२ ला शहरात आलो आपण, चौतीस वर्षं होत आली) अजून किती जणांना सांगायचं. गुंठेवारी नियमित झाली तर प्लॉट नियमित होतो, तो तुमच्या नावावर आपोआप चढत नाही, त्याला रजिस्टर खरेदीखतच लागतं. विकणारा भेटतोय तोवर ते करून घ्या.

प्रश्न (बाळीवेस): आम्ही वाड्यात तीन पिढ्या भाड्यानं राहतो. पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली. मालक म्हणतो, आता वाडा पडणार, तुमचं भाडेकरूपण संपलं, सामान उचला. सासूबाई म्हणतात जीव गेला तरी हलायचं नाही. काय करू?

उत्तर: ताई, दोघंही चुकतायत, आणि सासूबाईंची चूक जास्त धोक्याची आहे.

आधी नोटीस नीट वाचा, नुसतं 'धोकादायक' एवढंच वाचून चालत नाही. ती महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली असते आणि त्यात दुरुस्त करा, पाडा का रिकामं करा यातलं नक्की काय म्हटलंय ते लिहिलेलं असतं. इमारतींचे वर्ग पाडलेले असतात, सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती, सी-३ किरकोळ दुरुस्ती. तुमचा वाडा सी-२बी असताना कुणी 'पडणार पडणार' म्हणून घाबरवत असेल तर गोष्ट वेगळी आहे. वर्ग कशावरून ठरवला, स्ट्रक्चरल ऑडिट कुणी केलं, त्याची प्रत मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीला असं प्रमाणपत्र लागतंच, कलम २६५ए मध्ये आहे ते.

पण खरंच सी-१ निघाला तर बाहेर पडा. हक्क भिंतीत नसतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलंय की इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, आणि ते प्रकरण लांबचं नाही, आपल्या शेजारच्या सांगलीचं आहे, तिथल्या महापालिकेनं पाडलेल्या इमारतीचं. म्हणजे जीव वाचवला म्हणून घर गेलं असं होत नाही.

मात्र बाहेर पडायच्या आधी कागद करून घ्यायचे, नंतर ढिगाऱ्यात काही सापडत नाही. तुमच्या ताब्यात किती खोल्या, किती चौरस फूट, हे महापालिकेकडून मोजून लेखी घ्या, आयुक्तांच्या नावानं अर्ज द्या, पोच घ्या. भाडेपावत्या, लाइट बिलं, रेशन कार्ड, खोल्यांचे फोटो सगळं एका पिशवीत. मालकानं भाडं घ्यायचं बंद केलं असेल तर मनीऑर्डरनं पाठवा, परत आली तरी पावती ठेवा. मधल्या काळात नळ तोडणं, वीज तोडणं हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नं बंदच केलंय. आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय मालक तुम्हाला काढू शकत नाही, महापालिकेची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे.

प्रश्न (जुळे सोलापूर): दर अकरा महिन्यांनी मालक दहा टक्के भाडं वाढवतो. महापालिकेत तक्रार केली तर चालेल का?

उत्तर: नाही. भाडं किती असावं हे महापालिका ठरवतच नाही, त्यामुळं तिथं चकरा मारू नका. त्यासाठी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यात भाडेकरूला वर्षाला ४ टक्के वाढ धरलीय, पण तुमचं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरायची नुसती परवानगी, भाडेकरूपण नव्हे) असणार, तिथं करारात जे लिहिलंय ते चालतं. सही करायच्या आधी वाढीचा आकडा वाचा. आणि करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, केला नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल तुमचं म्हणणं आधी खरं धरतात. मालकाला हे सांगून बघा, आवाज जरा खाली येतो.

प्रश्न (विजापूर रोड): पुण्यात म्हणे मोठ्या बिल्डरला वीस टक्के घरं गरिबांसाठी ठेवावी लागतात. आपल्याकडच्या स्कीममध्ये तसलं काही ऐकलं नाही. आपले नगरसेवक झोपलेत का?

उत्तर: झोपलेत का नाही ते तुम्ही ठरवा, पण या बाबतीत त्यांचा दोष नाही. हा नियम राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहे, ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या स्कीममध्ये २० टक्के छोटी घरं किंवा प्लॉट दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी. फक्त तो १० लाख आणि त्यावर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना, आणि लोकसंख्या धरायची शेवटच्या जनगणनेची. २०११ ला सोलापूर होतं ९,५१,५५८. अठ्ठेचाळीस हजारानं हुकलो. त्यानंतर गाव केवढं वाढलंय ते विजापूर रोडला उभं राहिलं तरी कळतं, पण कागदावर आपण अजून साडेनऊ लाखच आहोत. नवीन जनगणनेचा आकडा आला आणि दहा लाख ओलांडले की हा प्रश्न सभेत विचारायला तयार ठेवा. तोवर सभेला राज्याकडं मागणीचा ठराव करता येईल, त्याचं वजन मागणीइतकंच.

प्रश्न (विडी घरकुल): मी विडी वळते. कुंभारीत घर मिळेल का आणि महापालिकेत कुणाला भेटायचं?

उत्तर: ताई, कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, महापालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळं कुठल्याही नगरसेवकानं 'तिथं घर देतो' म्हटलं तर हात जोडून पुढं चला. तिथली गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार विडी कामगार बायकांची, २००६ ला उभी राहिली. मग रे नगर, असंघटित कामगारांच्या ३०,००० घरांचं, नरसय्या आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं मागं लागून आणलेलं, त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. ती कामगारांच्या संस्थेची योजना आहे, सभासदांची यादी तिथंच असते, चौकशी संस्थेच्या ऑफिसात करा आणि पैसे द्याल तर पावतीशिवाय देऊ नका.

शहरातच स्वतःची जागा असेल तर मात्र महापालिकेचं दार बरोबर आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्न आणि देशात कुठंच पक्कं घर नसेल तर स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. जागा नावावर पाहिजे, म्हणजे गाडी परत शेळगीच्या दादांच्या खरेदीखतापाशीच येऊन थांबते.

प्रश्न (अशोक चौक): मिळकतकर वाढणार का हे आधी कधी कळतं? मी भाडेकरू आहे, मला काय फरक पडतो?

उत्तर: फरक पडतो. महापालिकेनं कर वाढवला तर भाडे नियंत्रण कायद्याखाली मालक तेवढी वाढ भाड्यात घालू शकतो. कराचे दर पुढच्या वर्षासाठी २० फेब्रुवारीच्या आत सभेनं ठरवायचे असतात, आणि बजेट त्याच्या मागोमाग मार्चअखेर. म्हणजे लक्ष ठेवायचं ते जानेवारीअखेरपासून, एप्रिलमध्ये बिल हातात आल्यावर बोंब मारून उपयोग नाही. तुमच्याच घराचं करपात्र मूल्य (ज्यावर कर मोजतात तो आकडा) वाढवलं असेल तर मात्र वेगळी नोटीस येते, तिच्यावर हरकतीची मुदत लिहिलेली असते, ती चुकवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते, आणि 'अभय योजना येईल, दंडात सूट मिळेल' म्हणून बसणारे बरेच जण व्याजातच बुडालेत.

प्रश्न (दमाणी नगर): आम्ही बचतगटातल्या बायका आमच्या भागाच्या निर्णयांची वही ठेवायची म्हणतोय. काय काय लिहायचं?

उत्तर: वा, हे पत्र सगळ्यात आवडलं. फार मोठी करू नका, नाहीतर दोन महिन्यात बंद पडते. एका विषयाला एक पान. सभेची तारीख, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदक कोण, अट काय घातलीय, लेखाशीर्ष आहे का, आणि ठराव कोणत्या विभागाला कोणत्या जावक क्रमांकानं गेला. १०२ नगरसेवकांत बहुतेक प्रभागांना चार-चार आहेत, त्यामुळं 'तो विषय माझ्याकडं नाही' हे उत्तर चौघांकडून चार वेळा ऐकायला मिळेल, म्हणून कुणी काय सांगितलं ते पण तारखेसकट लिहा.

स्थायी समितीला विसरू नका. सोळा जणांची असते, पण घरकुलाचं टेंडर, रस्ता, ड्रेनेज असल्या खर्चाचे विषय तिथं मंजूर होतात, आणि ती सभेपेक्षा जास्त वेळा बसते. सुरुवातीला एकच विषय घ्या, तुमच्या गल्लीतला, आणि सोमवारी तीन वाजता दोघी-तिघी मिळून जा. एकटीला 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणतात, तिघी बाकावर वही उघडून बसल्या की साहेब येतात. जाताना ओळखपत्र आणि तो २०१८ चा शासन निर्णय, दोन्हीची झेरॉक्स घेऊन जा.