पैसे असूनही स्वतःच्या हौसेवर खर्च करायला हात धजावत नाही. काय करू?

पगार बरा आहे, डोक्यावर कर्ज नाही, सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला काढलेला आहे, तरी पंचवीस हजारांची पेटी (हार्मोनियम) घ्यायचं गेली तीन वर्षं पुढे ढकलतेय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून मला आमचं सांगलीचं घर आठवलं.

आईची भिशी होती. वाड्यातल्या बारा बायका, महिना दोनशे रुपये. दर महिन्याच्या पाच तारखेला आमच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या पडायच्या आणि एक चिठ्ठी मी उचलायचे, कारण मी सगळ्यांत लहान. जिचं नाव निघेल तिला चोवीसशे रुपये. भिशीच्या पैशावर कुणी हिशेब विचारायचा नाही, असा अलिखित नियमच होता. कुणी मिक्सर घेतला, कुणी पैठणी. १९९४ साली आईचा नंबर लागला तेव्हा ती आम्हा दोघा भावंडांना एसटीने गणपतीपुळ्याला घेऊन गेली. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

बाबा आले नाहीत. "तेवढ्यात ठेव झाली असती," म्हणाले. त्यांची सगळी शिल्लक एका पतसंस्थेत, दामदुप्पट योजनेत. पुढे ती पतसंस्था बुडाली, मुद्दलातलंही निम्मं हाती आलं नाही. (बँकेतल्या ठेवीला आज पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी कुणी गळ घातली तर हे लक्षात ठेवा.)

बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या शिलकीवरच माझं शिक्षण झालं. पण आईला खर्च करताना अपराधी वाटायचं नाही, याचं कारण तिच्याकडे पैसा जास्त होता हे नव्हे. तो पैसा जमायला लागल्यापासूनच हौसेचा होता. घरखर्चातून ऐन वेळी उचललेला नव्हता, म्हणून तो मोडताना काही मोडतंय असं वाटत नसे.

मी आता तेच करते. पगार झाला की दोन हजार एका वेगळ्या, वर्षभराच्या आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या बँकेतल्या ठेवीत) जातात. म्युच्युअल फंडाची एसआयपी वेगळी, पीपीएफ वेगळं, त्यांना हात लावायचा नाही. आणि आरडीची मुदत संपली की ते पैसे पुन्हा ठेवीत टाकायचे नाहीत, हा नियम मी तितकाच कडक पाळते. पहिल्या वर्षी फार जड गेलं. चार दिवस पैसे खात्यात तसेच पडून होते, मग एकदाची बाबांना घेऊन गणपतीपुळ्याला गेले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उभे राहिले ते अंधार पडेपर्यंत. खोलीचं भाडं किती, हे त्यांनी विचारलंच नाही.

तुम्ही महिना एकवीसशेची आरडी उद्याच उघडा. बारा महिन्यांत पंचवीस हजार दोनशे, वर थोडं व्याज. खात्याला टोपणनाव देता येत असेल तर "पेटी" असंच द्या. आणि शिकवणी मात्र आत्ताच लावा, तोवर क्लासमधली पेटी वाजवता येईल.