स्टेप्सची लिस्ट बाजूला ठेव

बेटा,

तुझा लंबा मेसेज वाचला, गावातल्या बायांसाठी डान्स थेरपी, म्हणजे अंगाच्या हालचालीतून मन मोकळं करायचं काम, सुरू करायची म्हणतेस आणि सोबत गाण्यांची लिस्ट न् स्टेप्सचे व्हिडिओही पाठवले. ते सगळं आधी बाजूला ठेव. स्टेप आली की चुकायची भीती आली, आणि आपल्या बाया तशाही दिवसभर कोणाचं ना कोणाचं ऐकूनच राहिल्या, त्यात तुझं आणखी काहून?

डान्स थेरपी सुरू करणाऱ्यांपैकी एक मॅरियन चेस नावाची अमेरिकन डान्सर होती, १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स हॉस्पिटलात मानसिक आजाराच्या पेशंटसोबत काम करायची. सगळ्यांना गोलात घ्यायची आणि समोरचा जसा हलेल तसं आपण हलायचं, तो डुलला तर आपण डुलायचं. याला मिररिंग म्हणतात. नक्कल नाही हं, नक्कल केली की चिडवल्यासारखं होते. त्याचा वेग, त्याचा जोर आपल्या अंगात घ्यायचा, मग न बोलणाऱ्यालाही कळते की कोणीतरी आपल्याकडे नीट पाहून राहिलं.

तर तू पण आधी पाहा. कापसाच्या वेचणीत बाई दिवसभर वाकलेली, कमरेला ओटी, हात पुढं, मान खाली. तिला पहिल्याच दिवशी हात वर करून उड्या मारायला लावशील तर खांदे भरून येतील आणि दुसऱ्या दिवशी कोणी फिरकणार नाही बाप्पा. बसूनच सुरू कर, तळहात चोळा, पाय जमिनीवर दाबा, श्वास सोडा. मग एकीनं एक हालचाल द्यायची, बाकीच्यांनी ती उचलायची. एखादी सुपानं पाखडल्यागत हात हलवेल, सगळ्या तशाच पाखडतील, हळू, मग जोरात, मग कोणीतरी हसेल, कोणाला भुलाबाईच्या टिपऱ्या आठवतील, तिथून गाणं आपोआप निघते, तुझ्या स्पीकरची गरजच नाही.

दार लोटून घे, मोबाईल बाहेर, रील तर बिलकुल नाही. नवरा गेलेली बाई नाचली तर गाव काय बोलते ते तुला माहीत आहे.

कोणी रडली तर सगळ्यांनी गराडा घालायचा नाही. शेजारी बस, पाणी दे, पाय टेकलेत का विचार, काय झालं ते चारचौघीत खोदून विचारू नको. पण जीव नकोसा झाला असं कोणी म्हटलं तर ते नाचानं निभत नाही. तिला एकटं सोडू नको, आशाताईला सांग, जिल्हा रुग्णालयात डॉक्टरला दाखव, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळ्यांना देऊन ठेव, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

आणि बोर्डावर थेरपी लिहू नको अजून. त्याचं रीतसर शिक्षण असते, कोलकाता संवेद ही संस्था २००४ पासून तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत हेच काम करते, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेससोबत त्यांनी डिप्लोमाही चालवला. तिकडं जायचं असेल तर फॉर्म आपण मिळून भरू. तोवर नुसतं 'बायांचा फेर' म्हण, चालते.

तारीख मात्र बदल. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, लगेच वेचणी, किलोमागे मजुरी मिळते, ती सोडून कोण येईल? फेब्रुवारीनंतर धर, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, आणि म्हाताऱ्यांसाठी दोन-चार खुर्च्या मागून ठेव.

तुझी ताई