७९५ पौंडांची फी आणि तिच्या मागे उभे असलेले ७,००० पौंड

प्रश्न: मी ३३ वर्षांची, इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. नवरा आणि चार वर्षांची मुलगी असं आमचं घर. वर्षभरात कामात इतक्या चुका झाल्या, इतक्या तारखा हुकल्या की ऑफिसनं पीआयपीवर, म्हणजे कामगिरी सुधारण्याच्या मुदतीवर, टाकलंय. जीपीनं (आमच्या फॅमिली डॉक्टरनं) एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची, शक्यता मान्य करून एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, यादीत नाव घातलं, पण तीन वर्षं तरी धरा म्हणाले. खासगी क्लिनिक असेसमेंटचे ७९५ पौंड मागतंय. त्यांचं पूर्ण दरपत्रक सोबत जोडलंय. बचत खात्यात ५,२०० पौंड आहेत, घरासाठीच्या लाइफटाइम आयसात (सरकार वर बोनस देतं ते बचत खातं) ८,०००. घरखर्च महिना ३,१००, तो जाऊन दोघांचे मिळून साधारण ४५० उरतात. नवरा म्हणतो, भारतात जाऊन स्वस्तात करून घेऊ. सासूबाईंच्या मते ही सगळी फॅडं. आयसातून २,००० काढू का?

उत्तर: आयसाला हात लावू नका, एवढं लगेच सांगून टाकतो. पहिलं घर किंवा वयाची साठी, यांखेरीज दुसऱ्या कारणानं (गंभीर आजारात आयुष्य संपत आलं असेल तर गोष्ट वेगळी) पैसे काढले की काढलेल्या रकमेच्या २५ टक्के कापून घेतात. सरकारनं बोनसही २५ टक्केच दिला होता, म्हणजे फिट्टमफाट, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. त्या २,००० मध्ये तुमचे स्वतःचे १,६०० आहेत आणि बोनसचे ४००. हातात येतील १,५००. बोनस तर गेलाच, वर पदरचे शंभर गेले.

आता मूळ प्रश्न. खासगी असेसमेंटला माझी हरकत नाही, पण जीपीकडून एक गोष्ट लेखी आल्याशिवाय क्लिनिकला एक पेनीही देऊ नका. ती गोष्ट म्हणजे शेअर्ड केअर. खासगी डॉक्टरनं निदान केलं, औषध सुरू केलं, डोस बसवला, की पुढची प्रिस्क्रिप्शनं तुमचा जीपी एनएचएसच्या दरात लिहून देईल, असा तो करार. जीपीवर त्याचं बंधन नसतं. नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे, आणि खासगी क्लिनिकमधून आलेल्या रुग्णांना बरेच जीपी नाहीच म्हणतात. माझ्या एका क्लायंटनं असेसमेंट आणि सहा महिन्यांच्या उपचारांचं पॅकेज एकदम घेतलं. डोस बसल्यावर कागद घेऊन जीपीकडे गेला, तर तिथे 'आमची प्रॅक्टिस खासगी शेअर्ड केअर घेत नाही' असं छापील उत्तर तयार होतं. हे त्याला पैसे भरण्याआधी एका ईमेलनं कळलं असतं.

तुम्ही पाठवलेलं दरपत्रक मी मांडून पाहिलं. असेसमेंट ७९५. निदान झालं तर औषध सुरू करण्याची पहिली भेट २५०. मग डोस बसवायचा, म्हणजे टायट्रेशन. त्यातली प्रत्येक फेरभेट १२०, प्रत्येक प्रिस्क्रिप्शनचे ३०, आणि औषधाचे फार्मसीत महिन्याला सुमारे ८५. टायट्रेशन चार महिन्यांत उरकलं असं धरू. चार फेरभेटी ४८०, मध्ये एकदा लवकर डोस बदलला म्हणून पाच प्रिस्क्रिप्शनं १५०, औषध ३४०. सगळं मिळून २,०१५. तुमच्या डोक्यात ७९५ चा आकडा घोळतोय, पण तो या बिलाच्या निम्माही नाही.

आणि हेही जरा आशावादी गणित आहे. टायट्रेशनला वेळ लागतो तो लागतोच. बहुतेक प्रौढांना आधी लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन किंवा मेथिलफेनिडेट देतात. लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन सहसा ३० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, गरज पडली तर ५०, मग ७०, आणि दोन पायऱ्यांमध्ये किमान आठवडा जावा लागतो. प्रत्येक बदलानंतर रक्तदाब आणि नाडी तपासायची असते. (ही मोजमापं बरीच क्लिनिकं तुमच्याकडूनच मागतात. बीपीचं यंत्र घरी घेणं हा या अख्ख्या यादीतला सगळ्यात स्वस्त खर्च.) झोप उडाली, भूक मेली, छातीत धडधडायला लागलं, तर डोस मागे घ्यायचा. पहिलं औषध मानवलंच नाही तर दुसरं, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार पुरेशा डोसवर सहा आठवडे देऊनही फायदा दिसला नाही तर औषध बदलण्याचा विचार करतात. असा बदल झाला तर तुमच्या दरपत्रकानुसार दोन महिन्यांचे आणखी ४७० धरा. उरलेल्या कॅप्सूल फार्मसीत परत केल्या तरी त्यांचे पैसे मिळत नाहीत.

ही दोन्ही औषधं इथं शेड्यूल दोनमधली नियंत्रित औषधं आहेत. प्रिस्क्रिप्शन २८ दिवसच चालतं, आणि एका वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त औषध सहसा देत नाहीत. तीन महिन्यांचं एकदम लिहून घेऊ आणि फी वाचवू, हा आपला नेहमीचा उपाय इथं लागू पडत नाही. दर महिन्याला नवं प्रिस्क्रिप्शन, दर महिन्याला ३० पौंड.

डोस बसल्यावर काय? शेअर्ड केअर नसेल तर महिन्याला ११५, वर्षात दोन तपासण्यांचे ३००, म्हणजे वर्षाला १,६८०. शेअर्ड केअर मिळाली तर २०२४ च्या मेपासून इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या औषधामागे जो ९.९० पौंडांचा दर आहे, त्यानं वर्षाचे ११८.८० होतात. वर्षभराचे पैसे एकदम भरून प्रीपेमेंट दाखला घेतला तर ११४.५०. वाचतात सव्वाचार पौंड, पण घ्या, कारण दुसरं कुठलंही औषध त्यातच निघतं. खासगी प्रिस्क्रिप्शनवर मात्र तो चालत नाही. क्लिनिकची वर्षातून एक तपासणी १५० ची धरली तर वर्षाला साधारण २६५. म्हणजे जीपीच्या एका 'हो' किंवा 'नाही'नं वर्षाला १,४०० च्या वर फरक पडतो, पाच वर्षांत ७,००० च्या पुढे. तुमचा अख्खा आयसा आज ८,००० चा आहे.

त्या क्लायंटनं नंतर काय केलं तेही सांगतो. महिन्याचा खर्च जड व्हायला लागल्यावर तो एक दिवसाआड कॅप्सूल घ्यायला लागला. डॉक्टरला विचारलं नव्हतं, पैशानं ठरवलं होतं. डोस कमीजास्त करायचा तर तो डॉक्टरच्या सांगण्यावरून. बँक खात्याकडे बघून गोळी घ्यायची वेळ येणार असेल, तर तो उपचार सुरू होण्याआधीच आपल्याला परवडत नव्हता असं समजायचं.

खासगीशिवाय आणखी एक दार आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्यासाठीही पहिल्या भेटीचा पुरवठादार निवडायचा हक्क २०१४ पासून आहे, 'राइट टू चूज'. एनएचएसचा करार असलेली संस्था तुम्ही निवडता, जीपी तिकडे पाठवतो, पैसे एनएचएस देते. वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये हा हक्क नाही, तुम्ही इंग्लंडमध्ये आहात हे नशीब. 'एडीएचडी यूके' या धर्मादाय संस्थेच्या वेबसाइटवर जीपीला द्यायच्या पत्राचा नमुना आहे, आणि कोणाकडे किती थांबावं लागतंय तेही आहे. बघताना असेसमेंटची रांग आणि टायट्रेशनची रांग वेगवेगळी विचारा. काही ठिकाणी निदान चार महिन्यांत होतं आणि औषधासाठी पुढे वर्षभर ताटकळावं लागतं. शिवाय स्थानिक एनएचएस मंडळं आता या संस्थांना किती रुग्ण घ्यायचे याची मर्यादा घालू लागली आहेत, त्यामुळे जुन्या अनुभवांवर विसंबू नका. आणि संकोच तर मुळीच नको. व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज भरलाय ना? २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आहे. ही सेवा तुम्ही आगाऊ विकत घेतलेली आहे.

मग थांबायचं की पैसे भरायचे? दुसरी कोणी असती तर 'थांबा' म्हणालो असतो. तुमच्या बाबतीत पीआयपी आणि व्हिसा हे दोन्ही एकत्र आलेत. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा देऊ करणारी कंपनी, शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, सरकारी भत्त्यांचा आधार नाही, आणि नवऱ्याचा व्हिसा तुमच्यावर टेकलेला असेल तर त्यालाही तेवढेच दिवस. तुमचे ५,२०० म्हणजे पावणेदोन महिन्यांचाही खर्च नाही. त्यामुळे नोकरी टिकवणाऱ्या उपचाराला मी चैन म्हणणार नाही, आणि त्याच कारणासाठी बचत खातं रिकामंही करू देणार नाही.

जीपीनं शेअर्ड केअरला लेखी होकार दिला तर खासगी करा. असेसमेंट आणि पहिली भेट, १,०४५, बचतीतून. टायट्रेशनचा महिन्याला साधारण २४० चा खर्च त्या ४५० मधून, आणि उरलेले दोनशे पुन्हा बचतीत. आयसातली भर सहा महिने थांबली तरी चालेल. नकार आला किंवा 'तेव्हा बघू' असं उत्तर आलं (तो नकारच समजा), तर राइट टू चूजचं पत्र द्या. निवडलेल्या संस्थेकडे औषधापर्यंतची रांग आठ-नऊ महिन्यांपेक्षा कमी असेल, तर होकार आला तरीही मी हाच रस्ता धरीन. जीपीशी बोलून ठेवा, तोवर यादीतलं आत्ताचं नाव काढू देऊ नका.

खासगी ठरलंच तर पॅकेज घेऊ नका, भेटीगणिक पैसे द्या. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये या औषधांचा देशभर तुटवडा झाला आणि नव्या रुग्णांना औषध सुरूच करू नका अशी सूचना निघाली. मुदतीचं पॅकेज घेतलेल्यांची मुदत तशीच सरत राहिली. ७९५ क्रेडिट कार्डावर भरा आणि बिल आलं की पूर्ण फेडा. १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीत क्लिनिक बुडालं किंवा सेवा दिलीच नाही, तर १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. क्लिनिक सीक्यूसीकडे (आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदलेलं आहे का, असेसमेंट नेमकं कोण करणार, हेही विचारून घ्या. हीच नावं जीपीला कळवा, म्हणजे 'हा अहवाल आम्ही मानत नाही' हे ऐकायचं असेल तर आधीच ऐकू येईल.

भारतातून करून घेण्याबद्दल. तिकिटाचे पैसे धरले की ते स्वस्त उरत नाही. तिथला अहवाल इथला जीपी जसाच्या तसा घेईल ही आशा धरू नका, आणि ही औषधं तिथून पोस्टानं मागवणं तर थेट बेकायदा. भारतातून एक गोष्ट मात्र जरूर मागवा, तुमची प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसत होती का, हे असेसमेंटमध्ये बघतात. 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नाही' हा बाईंचा लाल शाईतला शेरा आईच्या कपाटात असेल, तर फोटो काढून भाषांतरासह पाठवा. माहिती अपुरी म्हणून दुसरी भेट लावली तर तिचेही पैसे पडतात.

एक फुकटचं काम आजच करा. ऑफिसकडे लेखी मागणी करा: कामं तोंडी न देता लिहून द्या, मोठ्या कामाला मधल्या तारखा द्या, शांत जागा द्या, ऑक्युपेशनल हेल्थकडे (कर्मचाऱ्यांचं आरोग्य बघणाऱ्या विभागाकडे) पाठवा. २०१० च्या समानता कायद्यात निदानाचा कागद हातात असण्याची अट नाही, त्रास किती मोठा आणि किती काळचा हे बघतात. त्याच ईमेलमध्ये कंपनीच्या आरोग्य विम्यात एडीएचडीची असेसमेंट बसते का, तेही विचारा. बहुतेक पॉलिसींत बसत नाही, पण काही मोठ्या कंपन्यांनी ती घालून घेतलेली असते, आणि तसं निघालं तर वरचं अर्धं गणित पुसावं लागेल.

आयुर्विमा किंवा इन्कम प्रोटेक्शन घ्यायचं मनात असेल तर अर्जात तपासणी चालू आहे का, रेफरल झालंय का, असं विचारतात. तिथे खरं लिहा. गाडी चालवत असाल आणि त्रासाचा किंवा औषधाचा गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल, तर वाहन परवाने देणाऱ्या डीव्हीएलएला कळवणं बंधनकारक आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. नवऱ्याला हा हिशेब दाखवा आणि जीपीला जाणारा ईमेल त्याला लिहू द्या. तुमच्याकडून तो मसुद्यातच पडून राहण्याची शक्यता आहे, हे तुमच्याच पत्रावरून म्हणतोय. पत्रावरची तारीख सात आठवड्यांपूर्वीची आहे.