सोसायटीच्या अंगणात काँक्रीट घालावे का?

प्रश्न : आमची सोसायटी सांगलीत विश्रामबाग भागात आहे. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून संपूर्ण अंगणात काँक्रीट घालण्याचा ठराव मांडला गेला आहे. अंगणात कडुनिंबाची दोन जुनी झाडे आहेत. निसर्गाला धरून शहराची रचना केली तर आरोग्य सुधारते, असे वाचले. एवढ्याशा जागेत ते कितपत साधेल? – एक वाचक

उत्तर : निश्चित साधेल, मात्र हा ठराव आहे तसा संमत होऊ देऊ नका. दिवसभर तापलेले काँक्रीट सूर्यास्तानंतरही कित्येक तास उष्णता सोडत राहते. झाड मात्र सावली देतेच, शिवाय मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे वाफेच्या रूपात सोडून भोवतालची हवा थंड ठेवते. नुसते झाड दृष्टीस पडण्याचाही गुण येतो. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

चिखलाची तक्रार रास्तच आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पाणी फार सावकाश मुरवते. म्हणून वाहनांच्या व चालण्याच्या वाटेपुरतीच फरसबंदी करावी, तिचा उतार गटाराकडे न देता मातीच्या बाजूला द्यावा आणि तेथे, इमारतीच्या पायापासून दूर, खडी व वाळू भरलेला उथळ चर काढून त्यात पाणी जिरवावे. सिंगापूरच्या बिशान उद्यानात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले आहे : तेथील काँक्रीटचा सरळ कालवा काढून २०१२ पर्यंत वळणावळणाची नदी घडवली गेली, एरवी लोक तिच्या हिरव्या काठावर बसतात आणि जोराच्या पावसात त्याच काठांवर पाणी पसरते. अर्थात, आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तर असा चर पूर अडवणार नाही; अंगणात पडणाऱ्या पावसापुरताच त्याचा उपयोग आहे.

कडुनिंबांच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. पार बांधायचा असल्यास तो एवढे अंतर सोडूनच बांधावा आणि बुंध्याभोवती मातीचा भराव घालू नये. नवी झाडे लावताना करंज, बहावा किंवा ताम्हण निवडावे व शक्यतो इमारतीच्या पश्चिमेला लावावे, म्हणजे दुपारनंतरचे ऊन थेट भिंतींवर येणार नाही.