जनुकं आणि परिस्थिती एकमेकांवर कसा परिणाम करतात, हे सामाजिक शास्त्रांच्या पद्धतींनी कसं तपासतात?

जनुकं मोजणं आता अवघड राहिलेलं नाही, लाळेचा नमुना पुरतो. घोडं अडतं ते परिस्थितीपाशी. आईवडील मुलाला जनुकं देतात आणि घरही तेच देतात, त्यामुळे कशाचा वाटा किती हे नुसत्या सर्वेक्षणातून कळत नाही. म्हणून संशोधक असा बदल शोधतात, जो त्या माणसाने स्वतः निवडलेला नाही.

माझ्या मते उत्तम उदाहरण इंग्लंडचं. तिथे १९७२ मध्ये शाळा सोडण्याचं किमान वय १५ वरून १६ झालं. १ सप्टेंबर १९५७ पासून जन्मलेल्यांना नियम लागू झाला, ऑगस्टअखेरपर्यंत जन्मलेले सुटले. या सीमारेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्या लोकांची जनुकं सरासरीने सारखीच. वेगळं होतं ते सक्तीचं जादा शिक्षण. यूके बायोबँक म्हणजे ब्रिटनमधल्या लाखो लोकांची आरोग्य आणि जनुकांची माहिती साठवणारा प्रकल्प. त्यातल्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. लठ्ठपणाचा जनुकीय धोका सर्वाधिक आणि सर्वात कमी असलेल्या एकतृतीयांश गटांमध्ये शरीराच्या अनारोग्यकारक आकारमानाबाबत जी २० टक्के-बिंदूंची तफावत होती, ती या जादा शिक्षणामुळे ६ वर आली. धोका जनुकांत होता, तरी त्याचा परिणाम शाळेने कमी केला!

एकसारख्या आणि वेगळ्या जुळ्यांची तुलना करणारे अभ्यासही उपयोगी आहेतच. मात्र 'अमुक एका जनुकामुळे तणावात नैराश्य येतं' अशा दाव्यांपासून लांब राहा. २००३ मध्ये गाजलेला तसा दावा २०१९ च्या मोठ्या पडताळणीत टिकला नाही. आता एकाच जनुकाऐवजी हजारो जनुकीय फरकांची बेरीज करून धोक्याचे गुणांक काढतात. पण ते बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बनलेले असल्याने इतरांना तितकेसे लागू पडत नाहीत.