पाणी नितळ झालं, पण तळाच्या गाळाचं काय?

प्रश्न : उष्ण कटिबंधातल्या नद्यांबद्दल वाचत होतो. खाण किंवा लाकूडतोड बंद झाली आणि पाच-सात वर्षांत पाणी नितळ दिसायला लागलं की नदी सुधारली असं धरायचं का? मित्र म्हणतो वाहतं पाणी सगळं धुऊन नेतं.

उत्तर : पाण्यापुरतं मित्राचं बरोबर आहे, पण खरी गडबड गाळात असते. तांबं, शिसं, आर्सेनिक, पारा हे पाण्यात फार विरघळून राहत नाहीत, ते चिकणमातीच्या बारीक कणांना आणि त्यावरच्या लोखंडाच्या गंजासारख्या थराला चिकटतात, आणि ते कण जिथे प्रवाह मंदावतो तिथे बसतात, म्हणजे नदीच्या वळणांवर, पूर पसरतो त्या सपाटीवर, मुखाजवळच्या खारफुटीत. मग वरचं पाणी आरशासारखं दिसलं तरी पुढचा मोठा पूर आला की काठ कापला जातो आणि जुनाच गाळ परत प्रवासाला निघतो.

पापुआ न्यू गिनीच्या बोगनव्हिल बेटावरची पांगुना खाण बघा. 1972 ते 1989 अशी जेमतेम 17 वर्षं चालली, त्यात एक अब्ज टनांहून जास्त टाकाऊ गाळ कावेरोंग-जाबा नदीत गेला, खाण बंद होऊन आता पस्तीस वर्षं उलटून गेली तरी तो गाळ अजून खाली सरकतोच आहे आणि नदीकाठच्या माणसांना रोज त्याच्याशी झगडावं लागतंय. शिवाय खाणीच्या कचऱ्यात गंधकयुक्त खनिजं असतील तर हवा-पाणी लागून त्यातून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं, आणि ॲसिडमुळे कणांना चिकटलेलं तांबं सुटून पाण्यात येतं. हे खाणीला कुलूप लागलं म्हणून थांबत नाही.

प्रश्न : खाणीचं समजलं, पण लाकूडतोडीत कुठलं केमिकल वापरतात? तिला कशाला जबाबदार धरायचं?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण बऱ्याच जणांना असंच वाटतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली माती लाखो वर्षं जुनी आहे आणि तिच्यात निसर्गतःच पारा साठलेला आहे. तापाजोस नदीच्या भागात 1990 च्या दशकात शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा दिसलं की नदीतला सगळा पारा सोनं काढणाऱ्यांनी ओतलेला नाही, जंगल कापलं-जाळलं की उघडी माती वाहते आणि तिच्यासोबत हा जुना पाराही नदीत उतरतो. म्हणून सोन्याच्या खाणी आणि जंगलतोड एकाच खोऱ्यात असतील तर दोन्हीचं ओझं एकाच गाळावर पडतं.

आणि माती येते कुठून, तर झाड पाडलेल्या जागेपेक्षा ट्रकच्या रस्त्यांवरून आणि ओंडके ओढत नेलेल्या वाटांवरून जास्त, कारण तिथली जमीन दाबली जाते, पाणी मुरत नाही, सरळ घळ पाडत नदीकडे धावतं. बोर्निओच्या साबा राज्यात दानुम व्हॅलीजवळ एका ओढ्याचा अभ्यास झालाय, तिथे कटाई 1988-89 मध्ये झाली, मधल्या काळात गाळ कमी झाला, सगळ्यांना वाटलं आता ठीक आहे, आणि 1996 च्या जानेवारीत एका जबर पावसाने जुन्या रस्त्यांच्या कडा ढासळल्या नि ओढा पुन्हा गाळाने भरला. सात वर्षांनी! त्यामुळे दोन-तीन वर्षं मोजमाप करून सुधारणा झाली असा रिपोर्ट लिहितात ना, तो मला पटतच नाही.

प्रश्न : पारा असलेला मासा नीट शिजवला तर चालतो का?

उत्तर : नाही चालत. तळाच्या ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जिवाणू पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात, ते माशाच्या मांसातच बांधलेलं असतं, धुऊन, तळून, उकडून जात नाही. दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत ते सगळ्यात जास्त साठतं. गरोदर बायका आणि लहान मुलांनी असे मोठे मासे टाळायचे आणि छोटे, वनस्पती खाणारे मासे खायचे, मासे पूर्ण सोडायला सांगणं मला बरोबर वाटत नाही कारण नदीकाठच्या कित्येक कुटुंबांचं प्रोटीन तेवढंच असतं.

प्रश्न : मग सरळ ड्रेजर लावून गाळ का काढत नाहीत?

उत्तर : काढतात की. पापुआ न्यू गिनीतच ओक टेडी खाणीचा कचरा अडवायचं धरण 1984 मध्ये बांधत असतानाच दरड कोसळून गेलं आणि मग खाणीचा कचरा सरळ नदीत सोडायला लागले. 1998 पासून खालच्या भागात बिगे इथे ड्रेजर चालू आहे. त्याने नदीचं पात्र भरून येणं कमी होतं, हा फायदा खरा आहे, पण ड्रेजरच्या हाती मुख्यतः वाळू लागते, धातू ज्याला जास्त चिकटतात तो बारीक गाळ पुढे निघून जातो. पुराने आजूबाजूच्या जंगलात आधीच पसरलेला गाळ तर कुठलाच ड्रेजर उचलू शकत नाही, आणि जोरात खोदलं तर खाली गाडलेला चिखल ढवळून वर येतो तो वेगळाच. म्हणून आधी काठाचे नि तळाचे उभे नमुने काढून कुठल्या थरात काय आहे ते बघायचं, मगच मशीन लावायचं की नाही ते ठरवायचं.