देव असलेला राजा पूजा कोणाची करत होता?

प्रश्न : प्राचीन इजिप्तचा फॅरो स्वतः देव मानला जात असे, असे आपण वाचतो. आमच्या सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांचे आराध्यदैवत गणपती होते आणि राजा त्याचा सेवक होता, हे समजते. परंतु जो स्वतःच देव आहे, त्याने मंदिरात पूजा कोणाची करायची? आणि असा देव मरण पावला की लोकांची श्रद्धा डळमळत नसे काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फॅरो देव होता हे खरे, मात्र ते देवपण माणसापेक्षा गादीचे होते, हे ध्यानात घेतले नाही तर गोंधळ होतो. गादीवरचा राजा म्हणजे ससाण्याच्या रूपातील होरस आणि निवर्तलेला राजा म्हणजे होरसचा पिता, मृतांच्या लोकाचा अधिपती ओसायरिस, अशी मांडणी असल्यामुळे राजाच्या मृत्यूने श्रद्धेला तडा जाण्याचे कारण नव्हते. उलट पूर्वसूरीचे अंत्यविधी जो करी, त्याचा वारसाहक्क पक्का होई. तुतनखामूनच्या थडग्यातील भिंतीवर वारस आय हा बिबट्याचे कातडे पांघरून, डोक्यावर राजाचा निळा मुकुट घालून, मृताचे मुख उघडण्याचा, म्हणजे परलोकात त्याला पुन्हा खाता-बोलता यावे यासाठीचा, विधी करताना रंगवला आहे. आय हा तुतनखामूनचा मुलगा नव्हता, आणि माझ्या मते म्हणूनच त्याला हे चित्र अगत्याचे वाटले असावे.

आता पूजेविषयी. राजाला सूर्यदेव रा याचा पुत्रही म्हणत, आणि पुत्राने पित्याची सेवा करण्यात विसंगती नाही. देवांना नैवेद्य पोहोचवायचा आणि त्याच्या बदल्यात 'मात', म्हणजे सृष्टीची व समाजाची सुव्यवस्था, टिकवून घ्यायची, हे राजाचे मुख्य कर्तव्य होते. म्हणून मंदिरांच्या भिंतींवर अर्पण करणारा बहुधा राजाच दिसतो. प्रत्यक्षात नित्यपूजा त्याच्या वतीने पुजारीच करत, कारण एकाच वेळी साऱ्या मंदिरांत हजर राहणे देवाच्या अवतारालाही साधणारे नव्हते.

दुसऱ्या रामसेसने मात्र ही कल्पना टोकाला नेली. अबू सिंबेल येथील डोंगरात कोरलेल्या मंदिराच्या गाभाऱ्यात प्ताह, आमून-रा आणि रा-होरख्ती या देवांच्या रांगेत त्याची स्वतःची मूर्ती बसलेली आहे, आणि त्याच मंदिरातील काही शिल्पांत राजा रामसेस देवरूप रामसेसला अर्पण करताना दिसतो. हा निव्वळ अहंकार म्हणून सोडून देता येत नाही. पूजा करणारा मर्त्य पुरुष आणि पूजा घेणारे राजपद, असे दोघे वेगळे धरले की त्या शिल्पाचा अर्थ लागतो.

हा भेद प्रजेलाही कळत होता. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या 29व्या वर्षी राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदीना येथील कारागिरांचे धान्य थकले, तेव्हा त्यांनी काम टाकले आणि एका मंदिरामागे ठाण मांडून, आपली उपासमार फॅरोच्या कानावर घाला, अशी मागणी केली. ही हकीकत इटलीतील तूरिन येथे जतन केलेल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, नोंदलेली आहे. पुढे या राजाविरुद्ध त्याच्याच अंतःपुरात कट शिजला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात त्याच्या ममीचा गळा खोलवर चिरलेला आढळला. कटवाल्यांना देहदंड झाले, आणि मारला गेलेला राजा ओसायरिस ठरून त्याचा मुलगा चौथा रामसेस होरस म्हणून गादीवर बसला.